दाराची मुरवत

रिकाम्या पाळण्यातून कोणी उतरत असेल तर त्याला आधी उतरू द्यायचं, हा मारुतीतात्यांचा नियम होता.

पाळणा म्हणजे लिफ्ट. जळोचीच्या वाटेवर आमची तेलगिरणी होती, तिथं सगळे लिफ्टला पाळणाच म्हणायचे. पाळणा खाली यायचा, दार आपोआप सरकून उघडायचं, आत कुणी नसायचं. तात्या एक पाऊल मागं घेऊन डाव्या अंगाला उभे राहायचे, मान खाली घालायचे, ओठांतल्या ओठांत अकरापर्यंत मोजायचे आणि मग आत जायचे. मागं शेठ उभा असो, नाही तर डोक्यावर शेंगांची पाटी घेतलेली बाई. अकरा म्हणजे अकरा.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तात्या, कोन उतरतंय?"

"मला काय ठावं?"

"म्हंजे तुमी बघत न्हाय?"

"उतरणाराकडं बघू नये," तात्या म्हणाले. "त्याला अवघडल्यागत हुतं."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर हे वाचून कोणी तरी गिरणीत नारळ घेऊन जाईल, आणि तिथं नारळ आधीच फार झालेत. मी तेव्हा गिरणीत पोती वाहायचो आणि उरलेल्या वेळात कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचो. पत्रकाचे तीन नियम आम्हाला शिकवले होते. शत्रू एकच ठेवा, वाक्य लहान ठेवा, शंका ठेवू नका. तात्यांबद्दल लिहायला बसलो की तिन्ही मोडतात. दोन वर्षं मी ते टाळत आलोय.

आमची गिरणी चार मजली. बारामतीच्या पंचक्रोशीत एवढी उंच इमारत तेव्हा दुसरी नव्हती, त्यामुळं शेठची छातीही तेवढीच उंच. शेंगा चौथ्या मजल्यावर न्यायच्या, तिथं बाया त्या निवडायच्या, आणि तिथून दाणे नळानं खाली घाण्यांत उतरायचे. शेंगा वर कशा जायच्या? बायांच्या डोक्यावरून. बहात्तर पायऱ्या. बाई जिन्यात बसली तर मुकादम वरून ओरडायचा. पाळणा आला तो बायांची दया येऊन नव्हे. मुंबईच्या एका जुन्या हॉस्पिटलानं नवी लिफ्ट बसवली, जुनी मोडीत काढली, ती शेठनं मिळवली. आणि लिफ्टबरोबर तात्या आले. आयुष्यभर तिचं दार सांभाळलेला माणूस. मूळचे इंदापूरचे. बाया म्हणायच्या, नवरीबरोबर पाठराखीण आली.

अंगानं वाळकी काटकी. उजवा कान सतत कुठं तरी लागलेला, म्हणून मान कायमची तिरकी. अंगात हॉस्पिटलची खाकी बंडी. खिशावरची अक्षरं त्यांनी उसवून काढली होती, पण उन्हानं न विटलेल्या कापडात ती अजून उभी होती, जवळ गेलं की वाचता येत. त्यांच्या अंगाला फिनेलचा वास यायचा. गिरणीत बाकी सगळ्यांच्या अंगाला पेंडीचा वास यायचा, अगदी आमच्या भाकरीलाही. तात्यांना मात्र तो कधी चढला नाही.

पाळणा उभा करायला आठ दिवस पुरले. दार जुळवायला महिना लागला. शेठ चिडायचा. "उघडतंय, लागतंय. आता काय राहिलं?"

"ऱ्हायलंय," तात्या म्हणायचे. "त्याला अजून मुरवत न्हाय."

दाराच्या वरच्या बाजूला, आतून, एक पत्र्याचा डबा होता. तात्या त्याला दाराचं कपाळ म्हणायचे. झाकण काढलं की आत घागरीएवढी मोटर, पट्टा, चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली तार, आणि तांब्याच्या दोन पातळ जिभा. दार लागत लागत शेवटच्या वीतभर अंतरावर आलं की एक जीभ दुसरीला टेकायची आणि दार सुस्तावायचं. किती सुस्तावायचं ते तारेवरच्या कड्यावर. कडं जवभर इकडं सरकवलं की दार धावायचं, जवभर तिकडं सरकवलं की रेंगाळायचं. तात्या कडं सरकवायचे, दार लावायचे, लाकडाला कान लावायचे, परत सरकवायचे. दिवसभर हेच.

"ताकद तर रेड्यालाबी असती," मला एकदा म्हणाले. "लागायच्या आधी दारानं वाईच दम खावा. मधी कोन हाय का, इचारावं. मग लागावं. ह्याला मुरवत म्हनत्यात, पुढारी. तुमच्या पत्रकात हाय का ह्यो शबुद?"

नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती उपाशी दार आणि जेवलेलं दार. गिरणीची वीज आमच्याच तेलाच्या इंजिनावर. घाणे चालू असले की ते वीज ओढायचे, दार मलूल चालायचं. घाणे थांबले की वीज चढायची आणि तेच दार झेप घ्यायचं. म्हणून तात्या दोनदा जुळवायचे, घाण्यांच्या घरघरीत एकदा आणि सगळं थांबल्यावर एकदा. आणि रोज सकाळी, पहिली पाटी चढायच्या आधी, परीक्षा. आधी दारात काडेपेटी धरायची. दबली तर चालेल, चुरडली नाही पाहिजे. मग त्याच जागी स्वतःचा हात.

"आधी काडेपेटी, मग माजा हात, मग लोकांचं," असं ते बोलायचेसुद्धा, मंत्रासारखं. काडेपेटी दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. तात्या विडी ओढत नव्हते. ती पेटी फक्त दाराची.

आता दुपारचं सांगतो.

साडेबाराला भोंगा व्हायचा, घाणे थांबायचे, आणि गिरणीत अशी शांतता पडायची की आपल्याच कानात घरघर ऐकू यायची. बाया चौथ्या मजल्यावर गोल करून भाकऱ्या सोडायच्या. पाळणा तिथंच उभा असायचा, दार लावून. आणि सगळे जेवायला बसले की ते दार उघडायचं. कोणी कळ दाबलेली नसायची. सावकाश उघडायचं, थांबायचं. फिनेलचा वास यायचा. पेंडीच्या, लसणाच्या, घामाच्या वासातून सरळ रेघ ओढल्यासारखा यायचा आणि बायांच्या मधून खिडकीकडं जायचा. मग दार लागायचं. मी मोजलं. अकरा.

पहिल्या दिवशी दोघी ताटं सोडून पळाल्या. शेवंता बसून राहिली. शेवंता लोणी भापकरची. नवरा भवानीनगरकडं उसाच्या कामाला म्हणून गेला, तिकडंच त्यानं दुसरं घर केलं. हिच्या पदरात दोन पोरं आणि गिरणीची ही नोकरी, एवढंच. जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "आगं बसा. आपल्याला बी कुनी वाट दिऊन उतरवतंय का कुटं? त्यांला तरी उतरू द्या." आणि तिनं मांडी आखडून वाट करून दिली. दुसऱ्या दिवसापासून बाया गोल करून बसायच्या त्यात खिडकीच्या बाजूला एक फट ठेवायच्या. कोणी ठरवलं नव्हतं.

मला हे सहन होईना. अडाणीपणावर शेठची गिरणी चालते, असं आम्ही छापलं होतं. मी चार दिवस दाराला चिकटून राहिलो आणि कारण शोधून तात्यांपुढं टाकलं. घाणे थांबले की वीज चढते, त्या झटक्यानं डब्यातला खटका ओढला जातो, दार उघडतं. लाकूड वर्षानुवर्षं फिनेल प्यालेलं, दुपारच्या उन्हात वास सोडतं. संपलं भूत!

तात्यांनी नीट ऐकून घेतलं. मान हलवली. "बरुबर हाय तुमचं. एकदम बरुबर. त्याच टायमाला ते उतरत्यात."

भाद्रपदात शेठनं दाराचा हिशेब धरला. एका फेरीला दार अकरा मोजेपर्यंत उघडं कशाला? चार पुरेत. आणि लागताना ते लाडानं रेंगाळणं बंद. दसऱ्यानंतर नव्या शेंगा येणार, तोवर दार पळालं पाहिजे.

"शेठ, चार मोजंस्तवर बाई पाटी उचलून भाईर येती व्हय? तुमी उचलून बगा."

"हे काय हॉस्पिटल आहे?"

"दाराला आजून म्हाईत न्हाय," तात्या म्हणाले.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेठ नाही हसला. "दसऱ्यापर्यंत दार पळेल, नाही तर तुम्ही पळाल."

मला हेच हवं होतं. मी कागद घेऊन गेलो. शेठनं काय सांगितलं ते लिहून द्या, खाली सही करा, उद्या छापतो. तात्यांनी कागद परत केला. "सही केली की मी गेटाभाईर. मग सकाळच्याला दारात हात कोन घालंल? तुमी?" शेठ बघायला आला की ते कडं सरकवून दार पळवायचे, शेठची पाठ वळली की परत जागेवर आणायचे. मला हा भित्रेपणा वाटला. सभेत मी त्यांना शेठचा दरवान म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन माझ्यापाशी आले.

"पुढारी, दरवान काय वंगाळ शबुद न्हाय. दारापाशी हुबा ऱ्हातो त्यो." मग पोत्यावर बसले आणि पहिल्यांदा मुंबईचं बोलले. "तवा मी नवा हुतो. वार्डातनं एक बाई खाली न्यायची हुती. गेलेली. वरनं घाई, खालनं घाई. म्या लवकर दार लावलं. चादरीतनं तिचा हात भाईर लोंबत हुता. घावला दारात."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"समदे म्हनले, जाऊ दे मिस्त्री, तिला काय लागलं न्हाय. खरंच हाय, तिला काय लागनार? पन तिच्या हातातली बांगडी फुटली. आवाज आला." त्यांनी तिरकी मान आणखी तिरकी केली, जणू तो आवाज आत्ताच कुठं तरी चालू होता. "मेल्याली म्हनून म्या मुरवत ठेवली न्हाय. तवापास्नं मोजतो. अकरा झालं का झोळीच्या पायाकडचा हमाल बी भाईर पडतो."

ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. मीही नाही. पुढं येणाऱ्या एका गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा. इंजिन, घाणे, तराजू, सगळ्यांना झेंडूच्या माळा. तात्यांनी सकाळी दाराचा डबा उघडून आत पुसून घेतलं होतं आणि ते तेल आणायला इंजिनाकडं गेले. शेवंताला वाटलं, बहात्तर पायऱ्या ज्यानं वाचवल्या त्याला कुणी विचारत नाही. ती पाटीवर पाटी रचून चढली. पूजा कुठं करायची? कपाळावर. कपाळ कोणतं, ते तात्या रोज सांगत होतेच. उघड्या डब्यात दोन लखलखीत जिभा दिसल्या. तिनं ओलं हळदकुंकू दोन्हींना बोटभरून लावलं, वर माळ सोडली, आणि उदबत्ती पेटवायला कोनाड्यातली काडेपेटी घेतली.

तात्या आले तेव्हा माळ डुलत होती. पूजेला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी आत न डोकावता, माळ हलकेच बाजूला करून, वरच्या वर झाकण बसवलं. दसऱ्याची सुट्टी गेली. हळदकुंकू दोन दिवसांत वाळून खपली झालं.

एकादशीची सकाळ. इंजिन नुकतंच धरलेलं, घाणे सुरू व्हायचे होते. म्हणजे जेवलेलं दार. बाया पाट्या घेऊन रांगेत, शेवंता पुढं, मी तिच्यामागं पोतं घेऊन. तात्यांनी कोनाड्यात हात घातला. काडेपेटी नाही. जरा इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "आधी माजा हात," आणि कळ दाबली.

दार थांबलं नाही. शेवटच्या वितीत ते सुस्तावलंच नाही. तात्या ओरडले नाहीत. आम्ही ओरडलो. मी पहार घालून दार मागं रेटलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

तेवढ्यात शेवंता घाबरून म्हणाली, "बांगडी कुनाची फुटली? आवाज आला."

आम्ही सगळ्यांचे हात पाहिले. कुणाची फुटली नव्हती.

तात्यांनी हाताला फडकं गुंडाळायच्या आधी काय केलं? स्टुलावर चढले, डाव्या हातानं डब्याचं झाकण काढलं आणि रॉकेलच्या चिंधीनं आतल्या जिभा पुसायला लागले. चिंधी लाल झाली. मी त्यांना धरायला गेलो. "तात्या, रगात वाहतंय, खाली या!"

"ह्ये रगात न्हवं," ते माझ्या कानात म्हणाले. "कुकू हाय. वाळून खपली झाली, जिभा टेकल्याच न्हाईत. गप ऱ्हावा. शेवंतीला काडून टाकतील. आन हे लिवू नगा."

मी कुंकवाचं लिहिलं नाही. पण लिहिलं. त्याच संध्याकाळी छापखान्यातल्या ट्रेडल मशीनवर पत्रक छापून घेतलं: शेठच्या पाळण्याला मजुराचं रक्त. शत्रू एक, वाक्य लहान, शंका नाही. सकाळी ते प्रत्येकाच्या हातात होतं आणि नऊ वाजता शेठच्याही.

त्यानं सगळ्यांना अंगणात उभं केलं. पत्रक हलवून म्हणाला, "दार धोक्याचं आहे, असं तुमची युनियनच म्हणते. मी मान्य करतो. आता मला सांगा, दार जुळवलं कुणी?"

एवढंच. माझ्याच कागदानं त्यानं तात्यांना बांधलं.

तात्या मला दिसत होते आणि शेवंताही दिसत होती. तात्यांनी 'कुंकू' एवढा एक शब्द उच्चारला असता तरी ते सुटले असते. मी उच्चारला असता तरी सुटले असते, आणि शेवंता दोन पोरं घेऊन लोणीची वाट धरती. माझी जीभ उचलली नाही. मी अजूनही सांगू शकत नाही, की ती मुरवत होती की भीती.

"माजी चूक," तात्या म्हणाले. "डबा म्याच उघडा टाकला."

हे खोटंही नव्हतं. पण 'उघडा' म्हणताच शेवंतानं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. ती पुढं आली, "शेठ, त्ये म्या—"

"शेवंते," तात्या तिच्यावर खेकसले, आयुष्यात पहिल्यांदा, "पाट्या खाली ऱ्हायल्यात. उचल."

दुपारपर्यंत बांधाबांध करून निघा, असं शेठनं सांगितलं.

पुढचं आधी सांगून टाकतो. पुण्याहून नवा वायरमन आला, त्यानं दार चारवर आणलं. जेवणाच्या सुट्टीत दार उघडायचं थांबलं. फिनेलचा वासही गेला. लाकूड तेच, ऊन तेच, वीज तीच. माझं कारण जागच्या जागी होतं, फक्त आता त्याला काम उरलं नव्हतं. पाळण्याच्या उंबऱ्याच्या खाचेत मला हिरव्या काचेचा कण सापडला. गिरणीत बायांच्या बांगड्या फुटतातच. मी तो ठेवलाय, का ते विचारू नका.

आणि त्या वायरमनच्या पहिल्याच सकाळी शेवंता नवी काडेपेटी घेऊन दारापुढं उभी राहिली. पेटी चुरडली. तिनं ती मुकादमाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आता माजा हात घालू का तुमचा?" बायांनी पाट्या उचलल्या नाहीत. एक दिवस, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी वायरमननं कडं सरकवलं. पत्रक न काढता जिंकलेला आमचा हा एकच लढा. तात्यांना परत घ्या, ही दुसरी मागणी होती. शेठनं नाक मुठीत धरून इंदापूरला माणूस पाठवला. त्याच्याबरोबर तात्यांचा निरोप आला: "दारात कुनाचा तरी हात हाय न्हवं? मग बास झालं." शेवंता अजून रोज सकाळी तो घालते.

पण डोळ्यापुढं येतात ते निघायच्या दुपारचे तात्या.

हत्यारं आणायला ते चौथ्या मजल्यावर गेले होते. भोंगा झाला, घाणे थांबले, ती शांतता पडली. त्या दिवशी बाया वर जेवायला गेल्या नाहीत, खालीच उभ्या होत्या. पाळणा खाली आला. दार उघडलं. तात्या आत एका कोपऱ्यात, बांधलेला हात छातीशी, मान खाली. ते बाहेर आले नाहीत. कोणी तरी आधी उतरत होतं. शेवंता बाजूला सरली, तिच्यामागची सरली, आणि पाळण्यापासून गेटापर्यंत बायांच्या मधून एक वाट पडली. फिनेलचा वास तिच्यातून सरळ गेला. मीही बाजूला सरलो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

अकरा झाल्यावर तात्या बाहेर पडले. नेहमीसारखे चालत नव्हते. हॉस्पिटलात झोळीमागं चालतात तसे, पुढच्याच्या पावलाशी पाऊल जुळवत, सावकाश. गेटातलं लहान दार त्यांनी उघडलं, डाव्या अंगाला सरले, मान खाली घातली. ओठ हलत होते. मग आपण बाहेर पडले आणि बांधलेल्या हातानं दार ओढून घेतलं. शेवटच्या वितीला ते दार थांबलं. मग लागलं. आवाज आला नाही.

पलीकडं मुरमावर पावलं वाजत इंदापूरच्या रस्त्याकडं गेली. ती मी ऐकली. मोजली नाहीत.